डोळे, हात, एक वाक्य

११ ऑगस्ट, सोमवार

पाळणाघरातला पहिला दिवस. नोंद ठेवायची सवय कागद गिरणीतली आहे. तिथे पाळी संपली की लिहावी लागे. इथे कुणी मागितलेली नाही, तरी लिहिते.

गिरणी वसंतात बंद झाली. मी तिथे यंत्रांची कंपनं मोजायचे. कुठलं बेअरिंग झिजत चाललंय ते तुटण्याआधी सांगायचं, हे माझं काम. आता गावात मोजण्यासारखं फिरणारं काही उरलेलं नाही. रोजगार कचेरीतल्या बाईने सांगितलं की पाळणाघराला शिकाऊ माणूस हवा आहे, काम करता करता शिक्षणही पुरं होईल. मुलं आवडतात का, असं तिने विचारलं नाही. पाठदुखी आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हटलं. मिळालं काम.

पाळणाघराची प्रमुख हेल्वी. साठीला आलेली, आवाज गिरणीच्या भोंग्यासारखा. "आलीस का ग बाई!" म्हणून तिने मला मिठी मारली. मिठी संपायची मी वाट पाहिली. मला मोठ्या मुलांचा गट दिला आहे, चार-पाच वर्षांची. त्यांचा शिक्षक यूसो, केसांची शेंडी बांधतो आणि दिवसभर गातो. त्याने विचारलं, "मग, इंजिनियरीणबाई, कसं वाटतंय?" मी म्हटलं, "मी इंजिनियर नाही, तंत्रज्ञ आहे." तो म्हणाला, "बरं, तंत्रज्ञबाई." आणि पुन्हा गायला लागला.

साइमी नावाची एक मुलगी आहे. पाच वर्षांची, समोरचा दात पडलेला. तिने माझी चौकशी केली.

"तू कुणाची आई?"

"कुणाचीच नाही."

"मग इथे कशाला आलीस?"

"कामाला."

तिने सगळ्या खोलीवर नजर फिरवली. "हे काम नाहीये," ती म्हणाली. "हे आम्ही आहोत."

२० ऑगस्ट

दुपारी मुलांना झोपवायचं असतं. त्यासाठी त्यांच्या पाठीवरून हात फिरवतात. किती दाबाने, किती वेगाने, हे कुणी सांगत नाही. यूसोला विचारलं तर म्हणाला, "मनापासून फिरव." सूचना अपुरी आहे.

विल्होवर प्रयोग केला. विल्हो म्हणजे ज्याच्या तोंडात सदैव काहीतरी असतं तो. (आज बटण. काढलं.) हात त्याच्या श्वासाच्या वेगाने फिरवला, मग किंचित सावकाश. श्वास हातामागून आला. आणखी सावकाश केला, श्वास आणखी मागे आला. थोड्या वेळात तो झाड पडावं तसा झोपला. मग सगळ्यांवर हीच पद्धत वापरली. खोली इतकी शांत झाली की काही बिघडलं का बघायला हेल्वी आली.

साइमी जागीच होती. म्हणाली, "तुझा हात पट्टीसारखा आहे."

"काढू?"

"नको," तिने डोळे मिटले. "पट्टी चालेल."

९ सप्टेंबर

शंका लिहून ठेवते. मला हे काम येतं असं वाटत नाही. इतर जण मुलांशी बोलताना आवाज बदलतात. माझा बदलत नाही. मुलं काही दाखवायला आली की इतर जण म्हणतात, "अय्या, किती छान!" मला ते जमत नाही, कारण बहुतेक वेळा ते छान नसतं.

आज उन्नाने चित्र आणलं. "हा घोडा."

मी नीट पाहिलं. "पाचवा पाय कशासाठी?"

"तो पळतोय ना."

विचार केला. पळताना पाय जास्त दिसतात, हे खरंच आहे. "मग बरोबर आहे," मी म्हटलं.

उन्नाने ते चित्र यूसोला दाखवलं नाही. थेट आपल्या खणात नेऊन ठेवलं. बहुधा तिचा हिरमोड झाला असावा. यापुढे पायांबद्दल विचारायचं नाही.

१६ सप्टेंबर

आठवडाभर नोंद राहिली. आज तिघींनी घोडे आणले. एकाला सात पाय. सगळ्यांचे पाय विचारावे लागले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

गुरुवार म्हणजे वाटाण्याचं सूप आणि पॅनकेक, म्हणजे चमचे हवेत उडतात. तेवढ्या गोंधळात विल्होचा श्वास ऐकला. रडायच्या आधी त्यात एक बारीक खरखर येते, बेअरिंगमधलं वंगण सुकत आलं की येते तशी. त्याला उचलून खिडकीशी नेलं आणि रस्त्यावरचा बर्फ हटवणारा नांगर कधी येणार यावर आम्ही दोघं बोललो. खरखर गेली.

हेल्वी बघत होती. "कसं कळलं ग तुला?"

"आवाजावरून."

"याला माया म्हणतात, बाई."

"याला पूर्वसूचना म्हणतात," मी म्हटलं. तिने यूसोकडे पाहिलं. यूसो छताकडे बघत होता.

२१ ऑक्टोबर

वाळवणीचं कपाट बिघडलं. चिखलात लोळून आलेल्या गटाच्या रबरी विजारी आणि हातमोजे त्यात वाळतात. ते बंद पडलं तर हे पाळणाघर दोन दिवसांत पाण्याखाली जाईल. नगरपालिकेचा माणूस पुढच्या आठवड्यात येणार होता. मी पाठची पत्र्याची पट्टी काढली. पंख्याचं बेअरिंग. अपेक्षेप्रमाणे.

मुलं गोळा झाली. साइमीने बॅटरी धरली. तिने ती हलवली नाही, ही गोष्ट लिहून ठेवण्यासारखी आहे. गिरणीत बॅटरी न हलवणारा माणूस मला क्वचितच भेटला. मी त्यांना ऐकायला शिकवलं. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक यंत्राला, मूठ कानाच्या हाडाला. चांगलं बेअरिंग गुणगुणतं, वाईट खरवडतं.

याचा परिणाम मी गृहीत धरला नव्हता. दुपारपर्यंत मुलं सगळ्या गोष्टींना कान लावून फिरत होती. फ्रीज, खिडकी, एकमेकांची पोटं. उन्नाने हेल्वीच्या गुडघ्याला कान लावला आणि ओरडली, "हेल्वीचं बेअरिंग गेलंय!"

"मला काय सांगतेस, बाळा," हेल्वी म्हणाली, "डॉक्टरही तेच म्हणतो."

२३ ऑक्टोबर

गाण्याच्या वेळी आजही गायले नाही. नुसते ओठ हलवले. विल्होने जाहीर केलं, "एल्सीचा आवाज बंद आहे."

"नादुरुस्त आहे का बघा," यूसो म्हणाला. अशा वेळी त्याने काही न बोलणं बरं. सहा जणांनी माझ्या पाठीला कान लावले. मी सरळ बसून राहिले, हललं तर मापन बिघडतं म्हणून.

साइमीने निकाल दिला. "आतून चालू आहे."

१० नोव्हेंबर, सोमवार

दुपारी राइमोचा फोन. तो गिरणीत आमचा मुकादम होता, आता दक्षिणेतल्या एका गिरणीत आहे. पाळणाघरात शांत जागा एकच, वाळवणीची खोली. तिथे जाऊन बोलले.

"हं," राइमो म्हणाला.

"हं," मी म्हटलं.

थोडा वेळ दोघं नुसते फोनवर होतो. राइमो चांगला बोलणारा माणूस आहे.

"इथे जागा आहे," तो म्हणाला. "कंपनं. नव्या वर्षापासून. तू आलीस तर बरं."

"कधीपर्यंत सांगू?"

"पाच डिसेंबर, संध्याकाळी. सहा तारखेला सुट्टी, सगळे टीव्हीपुढे बसणार."

"विचार करते."

"पोरांना सोडून यायला जड जाईल का?"

"नाही. ते काम आहे," मी म्हटलं. फोन ठेवला.

वळले तर टांगलेल्या विजारींच्या रांगेखाली दोन पाय होते. साइमी. तिचा एक हातमोजा हरवला होता.

"राइमो कोण?" तिने विचारलं.

"गिरणीतला मुकादम."

"लांब राहतो?"

"हो, लांब."

तिने पुढे काही विचारलं नाही, त्यामुळे फोनवरचं बोलणं तिला कळलं नसावं. हातमोजाही सापडला नाही. तो तिच्या खिशात होता, हे नंतर लक्षात आलं.

गोष्ट सरळ आहे. तिथलं काम मला येतं. इथलं येत नाही. इथला माझा चाचणीचा काळही त्याच आठवड्यात संपतो. हेल्वीला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मी तुला ठेवणार आहे, ते तू विचारूच नकोस. तुला राहायचंय का, ते पाच तारखेला सांग." मग ती नाक शिंकरायला गेली. तिला सर्दी आहे.

१७ नोव्हेंबर

सहा डिसेंबरच्या स्वातंत्र्यदिनी राष्ट्राध्यक्ष पाहुण्यांशी ओळीने हात मिळवतात आणि आख्खा देश ते टीव्हीवर बघतो. आदल्या दिवशी आमच्याकडे तीच मेजवानी भरते. मुलं ठेवणीतले कपडे घालून येतात, हेल्वी राष्ट्राध्यक्ष होते, सगळे हात मिळवतात, मग गरम रस आणि आलुबुखाऱ्याच्या चांदण्या, म्हणजे त्या आकाराच्या पेस्ट्री.

"गेल्या वर्षी रांग नव्हती, ढीग होता," यूसो म्हणाला. "येणारे आणि जाणारे एकमेकांवर आदळले. रक्त निघालं."

"कुणाचं?"

"माझं."

रांग माझ्याकडे सोपवली. हे मला येतं.

सभागृहाला एकच रुंद दार आहे, म्हणून जाणाऱ्यांना मी कपड्यांच्या खोलीतून वळवलं. जमिनीवर निळी चिकटपट्टी लावली. ती खोली पुन्हा मूळ रांगेच्या शेपटीशी उघडते, पण तिथे मी स्वतः उभी राहीन आणि प्रत्येकाला रसाच्या टेबलाकडे धाडीन. गिरणीत लगदा असाच फिरतो. जो पसंत पडत नाही तो परत वर्तुळात जातो, पसंत पडलेला बाहेर. मला आराखडा आवडला.

हात मिळवायची पद्धतही ठरवली. डोळे, हात, एक वाक्य, पुढे. डोळ्यांत बघायचं, हात द्यायचा, एक वाक्य बोलायचं, निघायचं. वाक्य कुठलंही, पण पुरं.

२१ नोव्हेंबर

सराव. सर्वांना जमतं, साइमी सोडून. तिची पाळी आली की ती हात खिशात घालते. मी कारणं तपासली. कातडी कोरडी पडलीय का? नाही. नख दुखतंय? नाही. हात मिळवणं आवडत नाही? मलाही नाही, म्हणून हे कारण मला सर्वांत पटलं. तिला सांगितलं की हातमोजा घालून चालेल.

"नको," ती म्हणाली. "रांग संपल्यावर राष्ट्राध्यक्ष काय करतो?"

"जातो."

"कुठे?"

"आपल्या कामाला."

"आणि रांग संपलीच नाही तर?"

"रांग संपतेच. माणसं मोजकीच असतात."

"हं," साइमी म्हणाली. राइमोसारखंच म्हणाली. मग ती विल्होला कोपऱ्यात घेऊन गेली आणि बराच वेळ दोघं कुजबुजत होती. मुलांचं आपापसातलं बोलणं वाढावं, असं आमच्या अभ्यासक्रमात आहे.

२८ नोव्हेंबर

उलट्यांची साथ आली आहे. उन्ना, मग विल्हो, मग विल्होशेजारी बसलेले सगळे. आज मला स्वतःला गळ्यापासून बुटांपर्यंत धुवावं लागलं. यूसो म्हणाला, "आता तू खरी आमची झालीस." कारण-परिणाम उलटा आहे, पण मी थकले होते, बोलले नाही.

दक्षिणेत भाड्याच्या खोल्या बघितल्या. एक बरी आहे. खिडकीतून गिरणी दिसते. जाहिरात बंद केली, मग पुन्हा उघडली, मग वाळवणीच्या कपाटाला कान लावून आले. गुणगुणतं आहे.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी हेल्वीचा फोन. आवाज घुमत होता, कारण ती न्हाणीघरात होती.

"एल्सी, राष्ट्राध्यक्ष आजारी पडल्या."

"कुणाला सांगू?"

"अग तुलाच सांगतेय! उद्या तू उभी राहा."

"मी हात मिळवत नाही."

"पोरांशी मिळव. त्यांचे हात चिकट असतात, आपोआप सुटत नाहीत, तुला काही करावं लागणार नाही. आई ग..." फोन ठेवला गेला.

यूसो माझा नवरा होणार आहे, म्हणजे राष्ट्राध्यक्षांचा. हेल्वीची टोपी घालणार म्हणतो. "तू चिडलीस तर मी पायावर पाय देईन," तो म्हणाला, "लग्नात तसं करतात."

वळणावरची माझी जागा आता रिकामी राहणार. तिथे कोण, असं विचारलं तर साइमीने हात वर केला. ती बॅटरी न हलवणारी मुलगी आहे. तिला दिली.

५ डिसेंबर, शुक्रवार

क्रमाने लिहिते.

पदविकेच्या वेळचा काळा सूट घातला. उन्नाने त्यावर निळी-पांढरी फीत बांधली आणि एक पाऊल मागे जाऊन म्हणाली, "छान नाही, पण बरोबर आहे." यूसोला टोपी लहान पडली. बाहेर दुपारीच अंधारलं होतं, खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या.

पहिला फेरा निर्दोष गेला. डोळे, हात, एक वाक्य, पुढे.

"माझ्या बुटात घंटी आहे."

"मला वाटाण्याचं सूप आवडत नाही, पण आईला वाटतं आवडतं."

"आमचं मांजर गाभण आहे, पण आजोबांना सांगायचं नाहीये." हा विल्हो.

मी प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत ऐकलं आणि मान हलवली. हात खरोखर चिकट होते. अपेक्षेपेक्षा गरम.

रांगेचा शेवट दिसू लागला आणि समोर पुन्हा विल्हो उभा राहिला.

"तू आत्ताच येऊन गेलास," मी म्हटलं.

"हो. परत आलो." हात दिला. "मांजराचं नाव लुमी आहे."

त्याच्यामागे उन्ना. तिच्यामागे बुटात घंटीवाला. ("आता दुसऱ्या बुटातपण आहे.") मी मान वाकवून पाहिलं. कपड्यांच्या खोलीतून एकही मूल रसाकडे जात नव्हतं. सगळी निळ्या पट्टीवरून परत शेपटीला येत होती, आणि वळणावर साइमी उभी होती, बर्फ काढायचं खोरं आडवं धरून. "परत, परत! रांग संपू देऊ नका!"

"आराखड्यात चूक आहे," मी यूसोला कुजबुजले.

"मला नाही वाटत," तो म्हणाला. त्याने टोपी डोळ्यांवर ओढली होती.

तिसऱ्या फेरीत मुलांना घ्यायला पालक येऊ लागले. आता थांबेल, असं मला वाटलं. पण आपल्या माणसांना रांग दिसली की ते आधी तिच्यात उभे राहतात. रांग कशाची, हे पुढे गेल्यावर बघतात. बर्फाच्या नांगराचा चालक आला, उभा राहिला. स्वयंपाकीण रस तापून पुन्हा गार झाल्याचं सांगायला आली, उभी राहिली. रस्त्यावरून ढकलगाडी घेऊन चाललेल्या एक म्हाताऱ्या बाई उघडं दार बघून आत आल्या. त्यांचं इथे कुणी नव्हतं. साइमी खोरं घेऊन सर्वांना नियम सांगत होती. "डोळे, हात, एक वाक्य, पुढे. एकच वाक्य हं काका, तुमची दोन झाली."

विल्हो चौथ्यांदा आला, घाबरलेला. "आजोबा आलेत, मांजराचं बोलू नकोस." त्याच्यामागे आजोबाच होते. त्यांनी हात दिला, डोळ्यांत पाहिलं. "मांजराचं मला माहीत आहे," ते हळूच म्हणाले आणि पुढे गेले.

उन्नाचा बाप आला. गिरणीत तिसऱ्या यंत्रावर होता, तो मला विसरला असेल असं वाटलं होतं. त्याने बराच वेळ हात धरून ठेवला. "त्या हिवाळ्यात तू बेअरिंगचा बिघाड पकडला नसतास तर मी त्याच्या पुढ्यातच उभा होतो." मी मान हलवली. एक वाक्य असा नियम असल्याने मला उत्तर द्यावं लागलं नाही. नियम चांगला आहे.

ढकलगाडीवाल्या बाई म्हणाल्या, "मला आज कुणाशी बोलायचं नव्हतं, पण रांग छान चालली होती."

रांग संपेना. रस्त्यावर गेली. माझ्या मनगटात कळ येत होती आणि उभं राहायला मला त्रास होत नव्हता, हे दोन्ही एकाच वेळी नोंदवलं. मग लक्षात आलं की या सगळ्यात एकच माणूस माझ्यापर्यंत आलेला नाही.

बिघाड असेल तिथे जाऊन बघायचं असतं. मी जागा सोडली. यूसो एकटाच हात मिळवत राहिला. मी निळ्या पट्टीवरून वळणावर गेले. साइमीने खोरं खाली ठेवलं नाही.

"तू हात मिळवला नाहीस," मी म्हटलं.

"मी शेवटची आहे."

"हो."

"मी मिळवला की रांग संपते."

"हो."

"मग तू राइमोकडे जाणार. लांब." तिची हनुवटी हलत होती. रडण्याआधीची खरखर होती, स्पष्ट. ती मला दोन आठवडे ऐकू यायला हवी होती. मी तिची नखं तपासत होते.

तिला उचलून खिडकीशी नेता आलं असतं, पण तिचे हात खोऱ्यात अडकलेले होते. मी विचार केला. तिची अडचण खरी होती. कुणीतरी शेवटचं असणार, आणि शेवटच्याने हात मिळवला की काम संपतं. आराखड्यात याला उत्तर नव्हतं. मग एक सापडलं.

मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले.

साइमीने वळून पाहिलं. "हे काय?"

"आता शेवटची मी आहे."

ती थोडा वेळ हिशेब करत राहिली. मग तिने खोरं भिंतीला टेकवलं, आणि वळणावरून माणसं रसाकडे जाऊ लागली. आम्ही दोघी रांगेतून पुढे सरकलो, तिने एकदाही मागे पाहिलं नाही, पण एक हात पाठीमागे धरला होता, मी आहे का बघायला. मी तिच्या मुठीत दोन बोटं दिली, चाचणी सोपी व्हावी म्हणून. यूसोपाशी पोचल्यावर तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, हात दिला आणि म्हणाली, "टोपी लहान आहे."

मग माझी पाळी. यूसोने हात पुढे केला.

मी हात पाठीमागे घेतला. "नको," मी म्हटलं. "मी मिळवला तर संपेल."

"एल्सी," यूसो म्हणाला, आणि पुढे केलेल्या हाताने त्याने टोपी काढली. मग आम्ही सगळ्यांनी गार रस प्यायला. चांदण्या अर्ध्या जळाल्या होत्या. कुणी तक्रार केली नाही.

हेल्वीला न्हाणीघरात फोन केला. तिला एवढंच सांगितलं, "सोमवारी आठला येते." ती रडायला लागली. साथीत अशक्तपणा येतो.

मग राइमोला.

"हं," तो म्हणाला.

"येता येणार नाही. इथे एक यंत्रणा सुरू केलीय, ती अर्धवट सोडता येत नाही."

त्याच्याकडे गिरणीचा आवाज येत होता. चांगला, एकसारखा.

"बिघाड काय आहे?" त्याने विचारलं.

"सापडला नाही."

"हं. मग थांब."

मग फोन ठेवला.

६ डिसेंबर, शनिवार

स्वातंत्र्यदिन. खिडकीत दोन मेणबत्त्या. संध्याकाळी टीव्हीवर राष्ट्राध्यक्षांची रांग पाहिली. सरळ, शिस्तीची, येणारे आणि जाणारे कुठेही आदळत नाहीत. एकदा हात मिळवलेला माणूस परत येत नाही.

त्यांची रचना निर्दोष आहे. थोडा वेळ पाहिलं आणि बंद केलं.